हिशेबाची वही

अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुक्यात लोणी बुद्रुक नावाचे गाव आहे. आज या गावाच्या परिसरात उसाचे हिरवेगार मळे दिसतात. जवळच प्रवरानगरचा साखर कारखाना आहे. शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालय यांनी हा भाग गजबजलेला आहे. प्रथमच येथे येणाऱ्या प्रवाशास वाटेल, की ही भूमी पूर्वीपासूनच अशी संपन्न असावी. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वीचे येथील चित्र अगदी निराळे होते. जिरायत जमीन, अनिश्चित पाऊस आणि ज्वारी-बाजरीचे बेभरवशाचे पीक यांवर शेतकऱ्याचा संसार कसाबसा चाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वर्षांच्या दुष्काळांनी तर या प्रदेशाचे कंबरडेच मोडले.

पुढे प्रवरा नदीचे पाणी कालव्यांतून शेतांत खेळू लागले. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले. कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे सुरू झाली. आता शेतकरी सुखी होईल असे कोणासही वाटले असते. पण पाणी आले तरी अनेक घरांतील दैन्य हटले नाही. पीक शेतात उभे असतानाच त्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हक्क बसलेला असे. तो हक्क एका वहीत लिहिलेला असे, आणि ती वही शेतकऱ्याच्या घरात नसे. ती सावकाराच्या पेढीवर असे.

शेतकरी कर्जात कसा सापडत असे, हे नीट समजून घेतले पाहिजे. नोकरदारास दर महिन्यास पगार मिळतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा येतो तो पिकाच्या हंगामात, वर्षातून एकदा किंवा दोनदा. खर्च मात्र बारा महिने चालू असतो. समजा, एका कुटुंबास रब्बीची ज्वारी विकून फाल्गुनात ६०० रुपये मिळाले. चैत्रात जत्रा आली, वैशाखात लग्नसराई आली. हाती पैसा खुळखुळत असल्यामुळे हात सैल सुटला आणि महिन्यास सरासरी १०० रुपये खर्च होऊ लागले. सहा महिन्यांत, म्हणजे श्रावण संपता संपता, घरातील सारा पैसा संपला. भाद्रपद उजाडला, रब्बीच्या पेरणीचे दिवस जवळ आले आणि घरात बियाण्यासही दाणा उरला नाही. मग सावकाराच्या दारी जाण्यावाचून दुसरा मार्ग कोणता?

सावकार बियाणे देई, पण ते बहुधा सवाईने किंवा दिढीने. चार पायली धान्य नेले, तर सुगीच्या वेळी सवाईने पाच आणि दिढीने सहा पायली परत करावे लागे. रोख रक्कम घेतली तर तिच्यावर व्याज चढे. दरमहा शेकडा दोन रुपये हा दर ऐकावयास लहान वाटतो. पण त्याचे वर्षाचे व्याज शेकडा २४ रुपये होते. हे व्याज वेळेवर दिले नाही तर ते मुद्दलात मिळविले जाई आणि पुढील वर्षी व्याजावरही व्याज चढे. यासच चक्रवाढ म्हणतात. या हिशेबाने १०० रुपयांचे कर्ज एका वर्षाने १२४ रुपये होते, दोन वर्षांनी सुमारे १५४ होते, तीन वर्षांनी सुमारे १९१ होते आणि पाच वर्षांच्या अखेरीस सुमारे २९३ रुपयांवर जाते. घेतलेल्या रकमेच्या जवळजवळ तिप्पट! शेतकऱ्याने मधल्या काळात एक पैसाही नवा उचललेला नसे. तरीही त्याचे कर्ज रात्रंदिवस वाढत असे. शेतात पीक झोपते, गोठ्यात बैल विसावा घेतो, पण व्याजास विश्रांती नाही.

याहून मोठी अडचण निरक्षरतेची होती. खतावर काय लिहिले आहे हे शेतकऱ्यास वाचता येत नसे. तो अंगठा उठवी आणि घरी जाई. परत केलेली रक्कम जमा धरली गेली की नाही, व्याज कसे मोजले गेले, मुद्दल किती उरले, हे सारे सावकार सांगेल ते खरे. सगळेच सावकार लबाड होते असे मुळीच नाही. अडचणीच्या वेळी गावात पैसा देणारा दुसरा कोणी नसे, ही गोष्टही विसरता कामा नये. पण एकाच्या हाती वही आणि दुसऱ्याच्या हाती केवळ विश्वास, असा व्यवहार फार काळ न्यायाने चालणे कठीण असते.

या असंतोषाचा एकदा मोठा भडका उडाला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, म्हणून हिंदुस्थानातील कापसास अतोनात भाव आला. त्या भावाच्या जोरावर दक्षिणेतील पुष्कळ शेतकऱ्यांनी मोठी कर्जे काढली आणि सावकारांनीही ती आनंदाने दिली. युद्ध संपले, भाव कोसळले; कर्जे मात्र तशीच राहिली. त्यातच सरकारने शेतसारा वाढविला. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी लोकांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. त्यांना मुख्यत्वे हव्या होत्या त्या वह्या आणि कर्जखते. ती हिसकावून त्यांची होळी करण्यात आली. हे लोण पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत आणि अहिल्यानगर, म्हणजे त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे यांसारख्या तालुक्यांतही पसरले. इतिहासात ही घटना दख्खनचे दंगे म्हणून प्रसिद्ध आहे.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. कर्जासाठी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्याची पद्धत या कायद्याने बंद झाली. न्यायालयाने केवळ खतावरील आकडा न पाहता त्या कर्जाचा मागील इतिहास तपासावा, तसेच सावकाराने ऋणकोस पावती आणि हिशेबाचा उतारा द्यावा, असे ठरले. हे पाऊल चांगले होते. पण पावती मिळाली तरी ती वाचणार कोण? आणि पुढच्या भाद्रपदात बियाण्यासाठी पैसा आणणार कोठून? महाराष्ट्रात अशी कथा सांगतात, की संत तुकारामांनी दुष्काळानंतर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीच्या डोहात सोडून दिली. पण तुकारामांसारखा धनको सर्वांच्याच नशिबी नसतो. सुप्याच्या शेतकऱ्यांनी वह्या जाळल्या. परंतु वही जळाली म्हणून गरज जळत नाही. गरज उरली, की माणूस पुन्हा नव्या वहीवर अंगठा उठवितो.

सावकाराची वही जाळण्यापेक्षा शेतकऱ्यांनीच आपली वही सुरू केली तर? हा विचार प्रथम युरोपात आकारास आला. जर्मनीत १८४६-४७ साली पिके बुडाली आणि ऱ्हाईन नदीच्या परिसरातील खेड्यांत उपासमार माजली. तेथील फ्रीड्रिख विल्हेल्म राइफायझेन नावाच्या गृहस्थाने प्रथम श्रीमंतांकडून मदत मिळवून गरिबांस वाटली. पण दानाने आजची भूक भागते, उद्याची चिंता मिटत नाही, हे त्याच्या लवकरच ध्यानात आले. म्हणून त्याने शेतकऱ्यांच्याच पतसंस्था काढल्या. एकाच भागातील, एकमेकांस ओळखणारे लोक एकत्र येत. ते आपली लहान लहान बचत संस्थेत ठेवीत, संस्थेच्या देण्यास सर्वजण मिळून जबाबदार राहत आणि गरजू सभासदास बेताच्या व्याजाने कर्ज देत. एकट्या गरिबाची पत बाजारात कोणी मानीत नाही; शंभर गरिबांची एकत्र पत मात्र मानावीच लागते. याच धर्तीवर १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला.

लोणी बुद्रुक येथील विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील हे शेतकरी कुटुंबातील तरुण गृहस्थ होते. त्यांचे शालेय शिक्षण थोडेच झाले होते; पण गावातील घराघरांची दशा ते रोज पाहत होते. जमीन आहे, कष्ट आहेत, तरी सुगीचे धान्य खळ्यावरूनच दुसऱ्याच्या घरी का जाते, हा प्रश्न त्यांना अस्वस्थ करी. १९२३ साली त्यांनी गावकऱ्यांच्या साहाय्याने लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी स्थापन केली. त्या वेळी गावात ही गोष्ट नवी होती. ज्यांच्या घरात आठवड्याच्या बाजारापुरताही पैसा नसे, त्यांनी मिळून पेढी काढावयाची ही कल्पनाच अनेकांस चमत्कारिक वाटली असल्यास नवल नाही.

अशा पतपेढीचे काम कसे चालते? प्रत्येक सभासद प्रथम भाग घेतो, म्हणजे संस्थेच्या भांडवलात आपला वाटा घालतो. सुगीत ज्याच्या हाती पैसा येईल तो त्यातील काही रक्कम ठेव म्हणून पेढीत ठेवतो. पेरणीच्या वेळी ज्यास बियाणे, खत किंवा बैल हवा असेल, त्यास त्या कारणासाठी कर्ज मिळते. त्यासाठी गावातीलच सभासद जामीन राहतात. कर्जाची फेड पिकाच्या हंगामाशी जोडलेली असते. पीक घरी आले की हप्ता भरावयाचा. कर्ज कशासाठी हवे आहे, हे पंचमंडळी विचारतात. बियाण्यासाठी हवे असेल तर ते देतात. केवळ बडेजावासाठी हवे असेल तर नाकारतात. कर्ज थकले तर शेजाऱ्यांचीच ठेव अडचणीत येते, म्हणून परतफेडीविषयी सर्वांसच काळजी असते.

या साऱ्यात सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे पेढीची वही. ती कोणा एकाच्या मालकीची नसते. सभासदास आपले खाते पाहण्याचा हक्क असतो, वर्षातून एकदा सर्वांसमोर जमाखर्च मांडला जातो आणि सरकारी नियमाप्रमाणे हिशेबाची तपासणी होते. अंगठा उठवून निमूटपणे घरी जाणारा शेतकरी आता सभेत उठून आपल्या खात्याविषयी प्रश्न विचारू शकतो. या वहीतील एक नियम फार बोधप्रद आहे. सहकारी संस्थेस नफा झाला, तरी तो सगळा वाटून टाकता येत नाही. कायद्याप्रमाणे नफ्याचा निदान चौथा भाग राखीव निधीत आधी ठेवावा लागतो आणि मगच उरलेल्या रकमेचा विचार करावयाचा असतो. खर्च करून काही उरलेच तर ते शिल्लक टाकावयाचे, अशी रीत येथे नाही. आधी शिल्लक बाजूला काढावयाची आणि उरलेल्या रकमेत खर्च बसवावयाचा, ही रीत आहे.

हीच रीत घरात आणली तर काय होईल? पूर्वीचेच उदाहरण घेऊ या. फाल्गुनात ६०० रुपये आले. घरातील मंडळी दिव्याशी बसली आणि वही उघडली. पुढच्या पेरणीचे बियाणे व बैलांचे वैरण यांसाठी ९० रुपये वेगळे काढले. सरकारी साऱ्याचे ३० रुपये वेगळे ठेवले. मिळकतीचा दहावा भाग, म्हणजे ६० रुपये, पेढीत शिल्लक टाकले. आता ४२० रुपये उरले. त्यांचे बारा समान भाग केले तेव्हा प्रत्येक महिन्याच्या वाट्यास ३५ रुपये आले. ३५ रुपये थोडे आहेत, हे खरे. चैत्रातील जत्रेत हात आखडता घ्यावा लागेल, नव्या पागोट्याचा विचार पुढे ढकलावा लागेल. पण हे ३५ रुपये पुढच्या फाल्गुनापर्यंत पोहोचतात. भाद्रपद उजाडतो तेव्हा बियाणे घरात असते आणि सावकाराची पायरी चढावी लागत नाही. मिळकत येण्यापूर्वी किंवा येताच तिची अशी वाटणी ठरविणे, यासच अंदाजपत्रक म्हणतात. देशाचे अंदाजपत्रक दरवर्षी संसदेत मांडले जाते. घराचे अंदाजपत्रक चुलीशेजारी मांडता येते.

वर्षास ६० रुपये म्हणजे दिवसाकाठी किती? पूर्वी एका रुपयाचे सोळा आणे होत. १९५७ साली दशमान नाणी आली. त्या जुन्या हिशेबाने ६० रुपयांचे ९६० आणे होतात आणि ३६५ दिवसांत विभागले असता रोज तीन आण्यांहूनही कमी भरतात. पाच वर्षांत या शिल्लकेचे ३०० रुपये होतात. त्यावरील व्याज आणखी वेगळे. आता दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. एका वहीत पाच वर्षांपूर्वी उचललेल्या १०० रुपयांचे २९३ रुपये देणे झाले आहे. दुसऱ्या वहीत रोजच्या तीन आण्यांहून कमी बचतीचे ३०० रुपये येणे झाले आहे. काळ दोन्हीकडे तितकाच गेला. कर्जाच्या वहीत तो शेतकऱ्याच्या विरुद्ध राबला आणि बचतीच्या वहीत तो त्याच्या बाजूने राबला.

याचा अर्थ कर्ज घेणे हे नेहमीच वाईट, असा नव्हे. विहीर खणण्यासाठी, बियाण्यासाठी किंवा शिक्षणासाठी विचारपूर्वक घेतलेले कर्ज पुढे अधिक उत्पन्न देते आणि त्या उत्पन्नातूनच त्याची फेड होते. विहिरीच्या कर्जाचा हप्ता विहिरीचे पाणीच भरते. परंतु लग्नातील जेवणावळी, वाजंत्री आणि शोभेची दारू यांसाठी घेतलेले कर्ज एका रात्रीत धूर होऊन जाते, आणि त्याचा हप्ता मात्र पुढे अनेक वर्षे चुकत नाही. ऋण काढून सण करू नये, असे जुने लोक म्हणत. त्यांना सणाचा तिटकारा नव्हता. सण एका दिवसाचा आणि ऋण अनेक दिवसांचे असते, एवढेच त्यांना सुचवावयाचे होते.

लोणीच्या परिसरातील सहकाराची ही सवय पुढे फार मोठ्या कामी आली. कालव्याच्या पाण्यावर ऊस होत असे. पण गुळाचे भाव पडले की बागाईतदारही अडचणीत येत. उसाची साखर आपणच का करू नये, असा विचार सुरू झाला. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे बागाईतदार शेतकऱ्यांची परिषद भरली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ हे तिचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर स्वतःचा साखर कारखाना काढावा, या कल्पनेस तेथे बळ मिळाले. विठ्ठलराव विखे पाटील आणि त्यांचे सहकारी गावोगाव हिंडले. कारखान्याचे भाग घ्या, असे ते शेतकऱ्यांस सांगत. कारखाना म्हणजे श्रीमंतांचे काम, ही समजूत दूर करणे सोपे नव्हते. तरीही शेतकऱ्यांनी आपापल्या कुवतीप्रमाणे भाग घेतले, शासनाचे आणि वित्तसंस्थेचे साहाय्य मिळाले आणि १९५० च्या अखेरीस या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. प्राध्यापक गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष आणि विठ्ठलराव उपाध्यक्ष होते. महाराष्ट्रातील हा पहिला सहकारी साखर कारखाना होय.

सहकारी साखर कारखान्यांनीही आधी शिल्लक काढण्याचीच रीत पत्करली. उसाचा पैसा सभासदास देताना टनामागे काही रक्कम ठेव म्हणून कापून घेण्याची प्रथा पडली. एका टनामागे कापलेली रक्कम लहानच. पण हजारो टनांची मिळून ती मोठी होते. अशा निधींतून कारखाने वाढले आणि त्यांच्या परिसरात शाळा व दवाखाने उभे राहिले. विठ्ठलरावांच्या कार्याचा गौरव म्हणून भारत सरकारने १९६१ साली त्यांना पद्मश्री हा किताब दिला. १९८० साली ते निवर्तले.

लोणीस हे यश मिळाले, म्हणून सगळीकडे तसेच घडले असे समजू नये. भारताच्या रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ साली ग्रामीण कर्जाची देशव्यापी पाहणी करविली. ती पाहणी करणाऱ्या समितीत प्राध्यापक गाडगीळही होते. १९५४ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांनी घेतलेल्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून मिळालेला भाग शेकडा तीनच्या थोडा वर होता. सावकारांकडून मिळालेला भाग शेकडा सत्तरच्या जवळपास होता. सहकाराचा कायदा होऊन पन्नास वर्षे लोटली होती, तरी देशातील बहुतेक शेतकरी अजून दुसऱ्याच्याच वहीत होते. केवळ कायदा करून आणि पाटी लावून पतपेढी चालत नाही. ती चालविण्यास प्रामाणिक माणसे, नियमित फेड आणि चोख हिशेब लागतो. जेथे पंचांनी आपल्याच नातलगांस कर्जे दिली किंवा सभासदांनी फेड टाळली, तेथे पेढ्या बुडाल्या आणि गरिबांच्या ठेवीही त्यांबरोबर गेल्या.

काटकसरीच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. सलग पाऊस पडला नाही तर सर्वांत काटकसरी शेतकऱ्याचीही शिल्लक संपते. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा लाखो कष्टाळू माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली. त्यांनी हिशेब ठेवला नाही म्हणून ही पाळी आली, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. अशा वेळी समाजाने आणि शासनाने पाठीशी उभे राहावे लागते. त्या काळात विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेस महाराष्ट्राने १९७७ साली कायद्याचे रूप दिले. पाणी, पिकास योग्य भाव आणि संकटकाळी आधार यांवाचून एकटी बचत पुरी पडत नाही. तरीही दोन घरांवर सारखेच संकट आले, तर ज्या घरात थोडी शिल्लक आहे ते घर बैल विकण्यापूर्वी आणखी काही महिने तग धरते. कित्येकदा तेवढ्या अवधीत पाऊस येतो. शिल्लक म्हणजे अशा काही महिन्यांची उसंत होय.

लोणीतील पतपेढीमागची कल्पना आज नव्या रूपात गावोगाव दिसते. दहा-वीस स्त्रिया एकत्र येऊन बचत गट स्थापन करतात. प्रत्येकजण दरमहा ठरावीक रक्कम भरते. जमलेल्या पैशातून गटातील गरजू स्त्रीस शिलाई यंत्रासाठी, शेळीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज दिले जाते. १९९२ साली नाबार्ड या राष्ट्रीय बँकेने देशातील ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग हाती घेतला. पुढे ही चळवळ देशभर पसरली. गटाच्या बैठकीत वही उघडली जाते आणि प्रत्येकीची जमा सर्वांसमोर वाचली जाते. जिच्या आजीने कधी काळी न वाचता अंगठा उठविला होता, ती स्त्री आज आपल्या गटाची वही स्वतःच्या हाताने लिहिते. दीडशे वर्षांतील हा बदल लहान नव्हे.

कर्जाची रूपेही आज बदलली आहेत. सावकाराच्या पेढीऐवजी दुकानातील सुलभ हप्ता आला आहे. मोबाइलवर बोट टेकविताच कर्ज मिळते. पूर्वी अंगठा शाईत बुडवून उठवीत. आज तोच अंगठा काचेवर टेकतो. अटी वाचल्याविना तो टेकविला, तर परिणामही पूर्वीसारखाच होतो. दरमहा शेकडा दोन या शब्दांमागे वर्षाचे शेकडा चोवीस दडलेले असतात, हे ज्यास मोजता येते तो सहसा फसत नाही. शाळेत शिकलेले सरळव्याज आणि चक्रवाढव्याज हे केवळ परीक्षेचे गणित नाही. ते घर राखणारे गणित आहे.

ही सवय लहानपणीच लावून घेणे सोपे असते. भारतात पोस्टाची बचत बँक १८८२ साली सुरू झाली. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास किंवा मुलीस तेथे स्वतःच्या नावाने खाते उघडता येते. पण खात्याआधी एक साधी वही हवी. तिच्या डाव्या पानावर जमा लिहावी: आजोबांनी दिलेले, पाहुण्यांनी हातावर ठेवलेले, बक्षीस मिळालेले. उजव्या पानावर खर्च लिहावा आणि तो खरा लिहावा. जमा होताच तिचा दहावा भाग बाजूला काढावा. महिन्याच्या शेवटी दोन्ही पानांची बेरीज करून पाहावी. कोणता पैसा कामी आला आणि कोणता उगाच गेला, हे वही न रागावता सांगते. लपवाछपवी केली तर मात्र ती काहीच सांगत नाही.

लोणी बुद्रुकच्या शेतकऱ्यांनी १९२३ साली जे आरंभिले त्यात जादू काहीच नव्हती. थोडी थोडी रक्कम, वेळेवर फेड आणि सर्वांना वाचता येईल असा हिशेब, एवढीच त्यांची साधने होती. ज्यांच्या वाडवडिलांची नावे दुसऱ्यांच्या वह्यांत ऋणको म्हणून लिहिली गेली होती, त्यांनी आपल्या वहीत आपली नावे सभासद म्हणून लिहिली. ऋणमुक्तीची वाट तेथून सुरू झाली.

स्वाध्याय

१. पाणी आल्यानंतरही अनेक शेतकऱ्यांचे दैन्य का हटले नाही?
२. सुप्याच्या शेतकऱ्यांनी वह्या का जाळल्या? त्याने त्यांची अडचण कायमची का मिटली नाही?
३. गावची पतपेढी कोणत्या कामासाठी कर्ज देते आणि कोणत्या कामासाठी नाकारते? त्यामागील कारण सांगा.
४. 'काळ कर्जाच्या वहीत शेतकऱ्याच्या विरुद्ध राबला आणि बचतीच्या वहीत त्याच्या बाजूने राबला', हे विधान पाठातील आकड्यांच्या आधारे स्पष्ट करा.
५. एकट्या काटकसरीने कोणते संकट टळत नाही? अशा वेळी आणखी कशाची आवश्यकता असते?
६. वाक्यांत उपयोग करा: कंबरडे मोडणे, हात सैल सुटणे, हात आखडता घेणे, तग धरणे.
७. घरातील वडीलधाऱ्या माणसांस विचारून एका महिन्याच्या घरखर्चाचे अंदाजपत्रक तयार करा. महिन्याच्या अखेरीस प्रत्यक्ष खर्चाशी ते ताडून पाहा आणि फरक का पडला ते लिहा.